जुनी वॅगनआर नावावर होईपर्यंत

वापरलेली गाडी घ्यायची म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, ॲव्हरेज किती देते? मीही तोच विचारत होते. आता गाडी घेऊन, ती नावावर होऊन, चांगली फिरवून झाल्यावर सांगते, ॲव्हरेजचा प्रश्न सगळ्यात सोपा निघाला. गाडी पसंत पडायला महिना लागला. पसंत पडलेली गाडी कागदोपत्री माझी व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ गेला. माहिती शोधताना मला सगळं तुकड्यातुकड्यांत मिळालं. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे कुणी सलग सांगितलं नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

आम्ही साताऱ्याचे. वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं आणि गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढणं जमेनासं झालं होतं. दर वेळी भाड्याची गाडी परवडत नव्हती, नव्या गाडीचा हप्ता तर अजिबात झेपणारा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये घरात बसून ठरवलं की दुरुस्ती, विमा, कागद सगळं धरून तीन लाखांच्या आसपास बसवायचं. गाडी छोटी, पेट्रोलची, पार्ट कुठेही मिळतील अशी हवी. सीट उंच हवी, म्हणजे वडिलांना वाकून खाली बसावं लागणार नाही. सीएनजीचा विचार केला होता, पण सिलिंडर डिकी खातो आणि आम्हाला तिथे वॉकर ठेवायचा होता. या सगळ्या अटींत जुन्या आकाराची वॅगनआर चपखल बसत होती.

वर्षाबद्दलही एक अट घातली, गाडी २०१५ च्या अलीकडची असावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी पुन्हा पासिंग करून घ्यावी लागते आणि ती मुदत पाच वर्षांचीच मिळते. २०११ ची गाडी स्वस्तात मिळत होती खरी, पण ती वर्षभरात आपल्याला त्या दारात उभी करणार होती. शिवाय बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी पळावं लागतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बघायला सुरुवात केली. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी गाडी घेत नाही, त्यामुळे विकणारा निवांत असतो, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं नसतं, आणि 'आत्ता विसार द्या, नाहीतर गेली' हा दबाव नसतो. बघायला हे दिवस फार चांगले. ज्यांना मुहूर्त पाळायचा आहे त्यांनी बघाबघी पितृपक्षात उरकावी आणि व्यवहार घटस्थापनेनंतर करावा.

सांगलीकडची एक गाडी फोटोत नवीकोरी दिसत होती. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं, त्यांना आम्ही दादाच म्हणतो, बोनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ काळा होता. एरवी गुंडाळलेलाच राहणारा खालचा भाग तपकिरी आणि कडक झाला होता. बोटानं घासल्यावर बारीक, कोरडी माती निघाली. मग त्यांनी सीटखालच्या रुळांवर टॉर्च मारला, तिथे गंज. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. माणूस सीट कव्हर बदलतो, आतून शाम्पूनं धुतो, पण सीटबेल्टच्या तळाशी बसलेला गाळ काढायला कुणी जात नाही. विकणाऱ्याला काही न बोलता आम्ही निघालो.

दुसऱ्या एका गाडीचा मीटर ६४,००० दाखवत होता. नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर २०२२ मध्येच तिचं सर्व्हिसिंग एक लाखाच्या पुढे झालेलं होतं. मालकाची संमती असेल तर ही नोंद बहुतेक ठिकाणी दाखवतात. मालकच नको म्हणाला तर मग ती गाडीच नको.

वाईची गाडी कळली ती नात्यातून. विकणारे काका निवृत्त शिक्षक, २०१६ ला नवी घेतलेली, पहिलाच मालक, ५८,००० किलोमीटर. फोनवर दादांनी मला एवढंच सांगायला लावलं की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. २० सप्टेंबरला सकाळी सातला पोचलो. दादांनी बोनेटवर तळवा ठेवून ते थंड असल्याची खात्री केली आणि मगच चावी फिरवली. इंजिन गरम असलं की बरेच आवाज आणि धूर झाकले जातात, खरी तब्येत कळते ती थंड इंजिनाची. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, धूर नाही. ऑइलचं झाकण उघडून आतला भाग बघितला, चिखलासारखा साका नव्हता. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवलं, चाकाकडून कट-कट आवाज नाही. दरवाजांचे रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघितले, ते कंपनीचेच होते. डाव्या मागच्या दाराला रंग मारलेला होता. काकांनी तो आम्ही विचारायच्या आधीच दाखवला आणि म्हणाले, "फाटक लागलं होतं ताई, बाकी कुठं हात लावलेला नाही."

दादांकडे एक छोटं स्कॅनर आहे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावून मोबाईलवर बघायचं. मला वाटायचं त्यात फक्त बिघाडाचे कोड बघतात. दादांनी दुसरीच गोष्ट दाखवली. गाडी स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता पूर्ण करत असते आणि कोणत्या पूर्ण झाल्या ते तिथे दिसतं. कुणी आदल्या रात्री कोड पुसून ठेवले असतील तर त्या चाचण्या अपूर्ण दिसतात. म्हणजे कोड नाही, पण चाचण्याही अपूर्ण, असं दिसलं तर सावध व्हायचं. इथे सगळ्या पूर्ण होत्या.

मग खंबाटकीकडे एक चक्कर मारली. घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढत होता, पण वेग त्या मानानं वाढत नव्हता. दादा म्हणाले, "मॅडम, इंजिन ओके. क्लच मात्र बदलायला आला आता, तो धरूनच भाव बोला." टायरवर २२१७ असा चार आकडी शिक्का होता, म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण आठ वर्षांचं रबर हायवेला नको. चारही टायर बदलायचे, हे तिथेच ठरलं. दादांनी तपासणीचे एक हजार घेतले. ते पैसे मला आजही कमी वाटतात.

भाव ३ लाख १० हजार सांगितला होता. दोन दिवसांनी, २२ सप्टेंबरला, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी उपकर धरून तो २९ टक्के होता. नव्या गाड्यांचे दर उतरले की जुन्यांचेही उतरतात, ते काकांच्या मुलालाही माहीत होतं. क्लच आणि टायरचा खर्च कागदावर मांडून दाखवला आणि २ लाख ७५ हजारांवर बोलणं थांबलं. दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहार असल्यानं त्यावर जीएसटीचा प्रश्न नव्हता.

एवढं झाल्यावर कुणीही विसार देऊन मोकळं होईल. मी आधी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, आणि खरं काम तिथून सुरू झालं. विमा फेब्रुवारी २०२६ पर्यंत, पीयूसी चालू, मालक क्रमांक एक, सगळं काकांनी सांगितल्याप्रमाणे. पण फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव अजून होतं. कर्ज २०२१ मध्येच फिटलं होतं. बँकेनं दिलेली एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र, काकांनी कपाटात जपून ठेवली होती, मात्र आरटीओत जाऊन एचपी, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा कर्जाचा बोजा, उतरवायची राहिली होती. त्यात एनओसीवर तीन महिन्यांची मुदत छापलेली, म्हणजे ती कधीच संपलेली. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर काकांचा जो मोबाईल नंबर होता तो बंद पडलेला, आणि त्या नंबरावरच्या ओटीपीशिवाय पुढे काहीच होत नाही. ई-चलानं दोन बाकी निघाली. नंबर प्लेटही जुन्याच होत्या.

हे वाचून कुणाला गाडी सोडून द्यावीशी वाटेल. मलाही त्या संध्याकाळी वाटलं. पण यातलं काहीच फसवणुकीचं नव्हतं, जिथे कागदाची तातडी नसते अशा बहुतेक घरांत हेच असतं. मी काकांना सगळं समोर बसून दाखवलं. ते थोडे खट्टू झाले, म्हणाले, "मी तर एकही हप्ता चुकवला नाही." मी त्यांना त्यांच्या बाजूचा धोका सांगितला. गाडी विकली तरी आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, नाव असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच म्हटलं, की हाती गाडी कुणाच्याही असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. हे ऐकल्यावर काकांचा मुलगा स्वतःहून कामाला लागला. जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, नुसत्या सह्या करून कोरे फॉर्म देऊन टाकणं विकणाऱ्याच्याच अंगाशी येतं.

२४ सप्टेंबरला दहा हजार विसार दिला, ऑनलाइन. सोबत साध्या कागदावर लिहून घेतलं की चलानं, नंबर प्लेट आणि एचपी ही कामं विकणाऱ्यानं करायची, ती झाल्यावर उरलेली रक्कम आणि ताबा, आणि ३० नोव्हेंबरपर्यंत न झाल्यास विसार परत. काकांना अर्धी रक्कम रोख हवी होती. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि अर्धी रक्कम त्याखाली असली तरी मला सगळा पुरावा बँकेत हवा होता. ते त्यांनी मान्य केलं.

क्रमानं सांगते. सगळ्यात आधी मोबाईल नंबर बदलला. आधार पडताळणीनं तो पोर्टलवरच बदलता येतो, फक्त आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. मग चलानं भरली. मग नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, सक्तीची झाली आहे आणि तिच्याशिवाय आरटीओत नाव बदलणं, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं ही कामं अडतात. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९, ते ऑनलाइनच भरायचे. मुदत तेव्हा ३० नोव्हेंबर होती, गर्दी खूप, म्हणून तारीख मिळाली ८ ऑक्टोबरची. त्या दिवशी पुढची-मागची प्लेट आणि काचेच्या आत लावायचा निळसर स्टिकर बसवून मिळाला. प्लेटवरचा लेझरनं कोरलेला नंबर आणि पावतीवरचा नंबर तिथेच ताडून बघा. बसवल्याची नोंद पोर्टलवर दिसायला काही दिवस जातात.

एनओसी मात्र थकवणारी होती. शाखेत अर्ज २५ सप्टेंबरला दिला. कर्ज बंद होऊन चार वर्षं झालेली, फाइल दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात गेलेली. दर वेळी 'दोन दिवसांत येईल' असं उत्तर. मग काकांच्या मुलानं तोंडी विचारणं बंद केलं आणि लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घेतला, त्यानंतर हालचाल झाली. १३ ऑक्टोबरला नवी एनओसी आणि बँकेचा सही-शिक्का असलेला फॉर्म ३५, दोन प्रती, हातात आले. फॉर्म ३५ मागायला विसरू नका, नुसत्या एनओसीवर एचपी उतरत नाही. बँकेचा शिक्का दोन्ही प्रतींवर हवा आणि आरसीवरचा चेसिस नंबर एनओसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा.

१५ ऑक्टोबरला एचपीचा अर्ज गेला. मध्ये दिवाळी आली. २९ ला फायनान्सरचा रकाना रिकामा दिसला. मी तो स्क्रीनशॉट वडिलांना दाखवला, त्यांना त्यातलं काही कळलं नाही, तरी त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. उरलेले २ लाख ६५ हजार आरटीजीएस केले. पाचशेच्या स्टॅम्पवर विक्रीचा मजकूर, आणि वेगळ्या कागदावर ताबा पावती. तिच्यात तारखेसोबत वेळही लिहिली, सकाळी ११.२०. त्या वेळेआधीचं चलान किंवा अपघात त्यांचा, नंतरचा माझा, असं आपसांत ठरलं. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, मीटरचा फोटो. दुसरी चावी, सर्व्हिस बुक आणि जॅक-पाना मागून घ्या, नंतर आणून देणं राहून जातं.

नावांतराचा अर्ज ३ नोव्हेंबरला भरला. एकाच राज्यातल्या गाडीसाठी विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवायचं असतं. गाडी एमएच-११ ची आणि मीही साताऱ्याचीच, त्यामुळे दुसऱ्या आरटीओच्या एनओसीची भानगड नव्हती. फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे पॅन आणि आधार, माझा पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि चेसिसचा ठसा. ठशासाठी बोनेट उघडून पत्र्यावर कोरलेल्या नंबरवर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासायची, आकडे कागदावर उमटतात. पत्रा आधी कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर तेलाचे डाग पडून आठ आणि तीन सारखेच दिसतात. मी जास्तीचे ठसे काढून ठेवले, एक खिडकीवर कामी आला.

६ नोव्हेंबरला कागद जमा केले. बाहेर एजंट साडेतीन हजार सांगत होता. सरकारी फी स्मार्ट कार्ड आणि पोस्ट धरून हजाराच्या आतच होती. ज्याला रजा मिळत नाही त्यानं एजंट घेण्यात काही गैर नाही, पण फीची सरकारी पावती स्वतःच्या मोबाईलवर मागून घ्यावी. माझ्या अर्जात एक अडचण आली. काकांची आताची सही आणि पॅनवरची सही जुळत नव्हती, वयानं हात थरथरतो. काका स्वतः वाईहून आले, खिडकीसमोर सही केली, मूळ आधार दाखवलं. कर्मचारी बाई नीट बोलल्या, त्यांना बसायला खुर्ची दिली. विकणारा म्हातारा असेल तर हे आधीच करून टाका. २४ नोव्हेंबरला मंजुरीचा मेसेज आला, १२ डिसेंबरला कार्ड पोस्टानं घरी. मधल्या दिवसांत डिजिलॉकरमधली आरसी चालते.

विम्याचं काम मी ताबा घेतल्यावर लगेच, चौदा दिवसांच्या आत केलं. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत आपोआप येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीला कळवून नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर दाव्याच्या वेळी हात वर होतात. आणि एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीची नसते, माणसाची असते. काकांची ५० टक्के सूट होती, ती काढून उरलेल्या महिन्यांचा फरक १,४६० रुपये मी भरला. काकांना त्यांची एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्यायला सांगितलं. ते तीन वर्षं चालतं, म्हणजे त्यांच्या मुलाला नाही तरी त्यांना स्वतःला पुढच्या गाडीवर वापरता येईल.

गाडीवर खर्च असा झाला. क्लच मजुरीसकट ८,२००, चार टायर १३,६००, ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि पुढचे ब्रेक पॅड मिळून ६,४००. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. इंधनाच्या रबरी नळ्या मात्र दादांनी मुद्दाम तपासल्या, कारण पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं आणि २०१६ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. दर सर्व्हिसिंगला त्या बघायच्या, असं ठरलंय. सगळं धरून ३ लाख ७ हजारांच्या जवळ गेलं.

आणि ॲव्हरेज. काट्यावर विश्वास न ठेवता टाकी फुल ते टाकी फुल असं मोजते, त्याच पंपावर, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबून. गावात साडेपंधरा-सोळा, पुण्याला जाऊन-येऊन ८० च्या वेगानं एकोणीसच्या आसपास. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे काका सांगायचे तेवढं आता मिळणार नाही, हे धरून चालते. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघते, तेवढ्यानंही फरक जाणवतो. वडील पुढच्या सीटवर कुणाचा हात न धरता बसतात आणि उतरतात.

फेब्रुवारीत विम्याचं नूतनीकरण आहे. या वेळी पॉलिसी पहिल्यापासून माझ्या नावानं, एनसीबी शून्यापासून, पंधरा लाखांचा मालक-चालक अपघात विमा त्यात घालून. दर मागवायला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करणार आहे, कारण मुदत संपून गेल्यावर कंपनी गाडी पुन्हा तपासायला मागते. आरसीची मुदत २०३१ पर्यंत आहे.